वेगळे काढायचे ते गव्हाला, मुलाला नव्हे

पेडणे आणि डिचोली ह्या तालुक्यांत गहू पिकत नाही. आपल्या शेतांत सरद आणि वायंगण भात, डोंगरउतारावर नाचणी, भात कापून झाले की अळसांदे, कुळीथ, मिरची. गहू बाहेरून पोत्यांतून येतो आणि पोदेराच्या सायकलवरून पाव, उंडे आणि पोळी होऊन सकाळ-संध्याकाळ दारात हजर होतो. भात खाणाऱ्या मुलखात गव्हाने एखाद्या मुलाचे जगणे अडवावे, हे म्हणूनच चटकन कोणाला पटत नाही. पण सीलिॲक नावाच्या आजारात तसे होते. त्याची शरीराची बाजू डॉक्टर सांभाळतात. मनाची बाजू घर, शाळा आणि फिर्गज ह्यांच्याकडे राहते, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तीच जास्त जड जाते. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

प्रथम आजाराविषयी थोडक्यात. गहू, जव आणि राय ह्या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक ताणली जाते, पाव फुगतो, तो ह्याच्यामुळे. काही माणसांच्या शरीराला जन्मतः मिळालेल्या घडणीमुळे हे प्रथिन शत्रूसारखे वाटते. ते आतड्यात पोचले की शरीराची संरक्षक यंत्रणा चवताळते आणि त्या झटापटीत आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर वार करते. निरोगी आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातले सत्त्व ती शोषून घेते. ह्या आजारात ती लव झिजून सपाट होते. मग मुलाला कितीही खाऊ घाला, बांध फुटलेल्या शेतात पाणी सोडावे तसे होते. जुलाब, पोट फुगणे, तोंड येणे, रक्त कमी होणे, उंची खुंटणे, वयात येण्यास उशीर होणे ही त्याची लक्षणे. कधी जुलाब मुळीच नसतात. नुसते रक्त कमी दिसते आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढत नाही. अशा वेळी कोणी म्हणते उष्णता झाली, कोणी म्हणते दिश्ट लागली, आणि मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात. मिरच्यांचे नुकसान होते, दुसरे काही होत नाही.

निदान रक्ताच्या तपासणीने होते आणि पुढे बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा लहानसा तुकडा काढून तपासतात. आपल्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर त्यासाठी म्हापशाला किंवा बांबोळीला पाठवतील. एक गोष्ट ध्यानात धरा: तपासणी पुरी होईपर्यंत आपल्या मनाने मुलाचा गहू बंद करू नका, नाहीतर खरा आजारही तपासणीत दिसत नाही. निदान झाल्यावर उपाय एकच, गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद. हा आजार संसर्गाने होत नाही, आणि थोडे थोडे खाऊन सवय करावी अशातलाही नाही. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते असे इटलीतील डॉक्टरांनी २००७ साली दाखवले आहे. पावाच्या एका कापात सुमारे दोन ग्रॅम असते. म्हणजे त्या कापाचा चाळिसावा भाग, टेबलावर सांडलेला चुरा म्हणा ना, रोज गेला की पुरे.

दोष गव्हाचा आहे हे कळायलाच फार वर्षे गेली. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास ह्या डॉक्टरांनी अशा मुलांना केळी खाऊ घालून सुधारले व श्रेय केळ्यांना दिले. त्या आहारात पाव नव्हता हे खरे कारण कोणाच्या लक्षात आले नाही. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके ह्यांना मात्र १९३० नंतरच्या दशकात गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे त्या देशात उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुले खंगत असताना ही आजारी मुले सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके ह्यांनी आपला प्रबंध लिहिला, आणि आजही जगभर उपचार तोच आहे.

आता आपल्याकडे पाहू. भारताच्या तीन भागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. उत्तरेत शंभरात १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० इतक्या लोकांत हा आजार आढळला. जिथे गहू जास्त खातात तिथे तो जास्त. आपले जेवण दक्षिणेच्या जवळचे, शीत-कढीचे. ह्यात मुलाचे भाग्यही आहे आणि दुर्दैवही. भाग्य असे की पेज, शीत, कढी, नाचणीची भाकरी, तिझान, सान्नां, आंबोळी ह्यांपैकी काहीच त्याला वर्ज्य नाही. चपातीवर वाढलेल्या पंजाबी मुलाला जे सोडावे लागते त्याच्या चौथा हिस्साही आपल्या मुलाला सोडावे लागत नाही. दुर्दैव असे की त्या पंजाबी मुलाला गावात किंवा शाळेत आपल्यासारखा दुसरा कोणी सापडण्याची आशा असते. आपल्या वाड्यावर आजाराचे नावही कोणी ऐकलेले नसते. त्याचे पोट भरणे आपल्याकडे सोपे, त्याला सोबत मिळणे कठीण.

ही वर्षेच मुळी सर्वांसारखे दिसण्याची असतात. मित्राचे केस जसे कापले तसे आपले हवे, त्यांनी जे खाल्ले ते आपणही खाल्ले पाहिजे. त्यात हा मुलगा आधीच बुटका राहिलेला असतो. आठवीतला असून पाचवीतला वाटतो. मुलगी असेल तर तिच्या मैत्रिणी वयात येऊन गेल्या, ती नाही, आणि हे ती आईलाही विचारत नाही. शाळेत भाजी-पाव आला की हा डबा उघडतो आणि चार जण वाकून बघतात. वाढदिवसाचा केक, गाड्यावरचे चायनीज, सहलीचे सँडविच, प्रत्येक वेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. कधी कधी तो चिडून आईवर ओरडतो, आणि आईला वाटते, एवढे जिवाचे रान करते तरी हा असा. त्याचा राग आईवर नसतो. जिथे राग काढला तरी माया आटत नाही अशी जागा त्याला एकच माहीत असते. शिवाय ही चिडचिड थोडी आजाराचीही असते. रक्त कमी, अंगात त्राण नाही, अशा मुलाने हसतमुख राहावे तरी कसे? आहार नीट सुरू झाला की पुष्कळ मुलांचा स्वभाव काही महिन्यांत निवळतो, आणि निदान वेळेवर झाले असेल तर उंचीही बरीच भरून येते. हे त्याला स्पष्ट सांगावे. त्याला वाटत असते की आपण असेच राहणार.

घरात सर्वांत नाजूक प्रश्न भांड्यांचा आहे. ज्या तव्यावर चपाती भाजली त्यावर त्याची भाकरी भाजता येत नाही, ज्या तेलात समोसे तळले त्यात त्याचा मासा तळता येत नाही, पिठाची चाळण आणि लाकडी पोळपाट त्याच्यासाठी निराळे लागतात. डॉक्टर हे सांगतात आणि ते बरोबरच आहे. म्हणून आई मोठ्या काळजीने एक ताट, एक पेला, एक तवा बाजूला ठेवते आणि बजावते, हे फक्त ह्याचे, कोणी हात लावू नये. पण आपल्या समाजात वेगळ्या भांड्याला जुना अर्थ आहे. वेगळा पेला, अंगणात मांडलेले वेगळे पान, वरून ओतलेले पाणी हे कोणाच्या वाट्याला येत असे ते वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे, आणि ख्रिस्ती झाल्याने ते सगळे आपल्यातून गेले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मुले मोठ्यांच्या बोलण्यातून हे टिपतात. वेगळ्या पेल्यासमोर बसलेल्या मुलाला आतून काय वाटत असेल, त्याची कल्पना करा.

तेव्हा उलट करावे. घराचे सगळे तवे, सगळी ताटे, सगळे पेले भाताचे आणि नाचणीचे असू देत, म्हणजे सर्वांचे. गव्हाला एक कोपरा द्यावा: पोदेराच्या पावाला एक डबा, एक सुरी, एक बशी, आणि ज्याला पाव खायचा त्याने तिथे खावा व हात धुऊन यावे. वेगळे काढायचे ते गव्हाला. काम तेवढेच पडते, भांडी तेवढीच लागतात, पण मुलगा सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवतो. आपल्या घरांत हे सहज जमण्यासारखे आहे, कारण चपाती आपल्याकडे अलीकडची पाहुणी. मासा रव्यात घोळवण्याऐवजी तांदळाच्या पिठात घोळवा, सगळ्यांचाच. कुरकुरीत तोही होतो, आणि माझ्या मते अधिक चांगला. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, त्याकडे लक्ष असावे. तसेच चायनीजमधल्या सोया सॉसचे. तो बहुधा गव्हावर केलेला असतो, म्हणून गाड्यावरचा 'फ्राईड राईस' भाताचा असूनही चालत नाही. आणि गिरण विसरू नका. तुमच्या आधी कोणी गहू दळून गेला असेल तर तुमच्या नाचणीत त्याचे पीठ येणारच. जात्याचे दगड पुसून काही होत नाही. गिरणवाल्याशी बोलून गिरण धुतल्यानंतरचा पहिला घाणा भाताचा किंवा नाचणीचा ठरवून घ्यावा, नाहीतर घरच्या छोट्या यंत्रावर दळावे. दुकानातल्या पाकिटावर ग्लुटेनविरहित असे छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन असता कामा नये असा आपल्या देशाचा नियम आहे. पण ती पाकिटे महाग असतात, आणि शेतकऱ्याच्या घरी त्यांची फारशी गरजही नाही.

सणावारी मुलगा जास्त हिरमुसतो, कारण तेव्हा सगळा गाव एकत्र खातो. शेजारच्या हिंदू मित्राकडे चवथीला नेवऱ्या असतात, त्या नकोत. पण उकडीचे मोदक तांदळाचे. दिवाळीला तर आपल्याकडे फोवांचाच मान, दुधातले, ताकातले, गुळातले. मित्रांबरोबर बसून पोटभर खावेत, फक्त बाजूला ठेवलेल्या शंकरपाळ्यांकडे बघू नये. खुरसाकडे लादाईन झाली की उकडलेले चणे वाटतात, त्यात काही धोका नाही. नाताळात बिबिंक, कुलकुल, नेवऱ्या, बात्क हे सगळे मैद्याचे नाहीतर रव्याचे. दोदोल आणि पिनाग मात्र तांदळाच्या पिठाचे. ज्या घरी असा मुलगा आहे तिथे यंदा दोदोल भरपूर घोटावा आणि कुसवाराची ताटे वाटायचे काम त्याच्याकडे द्यावे. जे देतो त्याला 'तू का खात नाहीस' असे फारसे कोणी विचारत नाही. लग्नाच्या घरी आधी दोन दिवस यजमानाला गाठून शागोतीत, सोरपोतेलात काय काय पडते ते विचारावे, आणि ते आईने चारचौघांत विचारण्याऐवजी मुलाने स्वतः आचाऱ्याला विचारले तर फार बरे.

आता कुमगाराविषयी. हे सांगणे आम्हां पाद्रींचे काम आहे आणि गावात ह्याविषयी गैरसमज फार. ओस्ती गव्हाची असते. सीलिॲक असलेल्या मुलाला ती चालत नाही, लहान तुकडाही नाही. मग तो काय करतो? लाजेखातर घेतो आणि आजार वाढवतो, नाहीतर बाकावर बसून राहतो. आणि आपल्या गावात जो बाकावर बसून राहतो त्याच्याविषयी लोक काय कुजबुजतात ते तुम्ही जाणता. कोणते पाप केले असेल, कुमसार का करत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर ही कुजबुज क्रूर होते. मिस्सेला येणे टाळण्यापर्यंत मुले ह्यामुळे जातात.

तांदळाची ओस्ती का चालत नाही, असे आपल्यासारखे शेतकरी लगेच विचारतील. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे ओस्ती केवळ गव्हाचीच असली पाहिजे, कारण शेवटच्या भोजनाची ती परंपरा आहे. २००४ साली अमेरिकेत एका आठ वर्षांच्या मुलीने तांदळाच्या ओस्तीने पहिला कुमगार घेतला आणि तेथील धर्मप्रांताने तो वैध मानला नाही. वर्तमानपत्रांत त्यावरून मोठी चर्चा झाली. त्या मुलीच्या आईचे दुःख मला समजते. पण दार बंद नाही, आणि हे प्रत्येक आईबापाला ठाऊक असावे. पवित्र द्राक्षरसाच्या रूपातच कुमगार घेण्याची परवानगी देण्याचा मार्ग रोमने १९८२ सालीच मोकळा केला. १९९५ आणि २००३ सालच्या पत्रांनी अगदी कमी ग्लुटेन असलेली गव्हाची ओस्ती मान्य केली, ती पावाची ओस्ती म्हणावी इतपत ग्लुटेन तिच्यात असले म्हणजे झाले. २०१७ साली हेच पुन्हा सांगण्यात आले. अशी ओस्ती वापरण्यास बिशपांची परवानगी लागते, पण ती एकदा मिळाली की आजार असेपर्यंत चालते. आणि नुसत्या रसाच्या रूपात घेतले तरी अर्धाच ख्रिस्त मिळतो असे नाही. दोन्हींपैकी कोणत्याही एका रूपात तो संपूर्ण असतो, हे त्रेंतच्या धर्मपरिषदेने सोळाव्या शतकातच सांगितले आहे.

व्यवहारात एक काळजी घ्यावी लागते. मुख्य कालिसात पाद्री ओस्तीचा तुकडा टाकतो, म्हणून ते कालीस ह्या मुलाला चालत नाही. त्याच्यासाठी रसाचे लहान कालीस वेदीवर निराळे ठेवावे आणि त्यात कोणी ओस्ती बुडवू नये. कमी ग्लुटेनची ओस्ती असेल तर तिला वेगळी डबी, आणि वाटणाऱ्याने दुसऱ्या ओस्तींना लागलेल्या बोटांनी ती उचलू नये. हे सारे मिस्सेपूर्वी साक्रिस्तीत येऊन दोन मिनिटांत ठरवता येते. मुलगा रांगेत सर्वांबरोबर येऊ शकतो. त्याला शेवटी उभे करण्याचे कारण नाही. कोणाला सेमिनारीत जाण्याची ओढ असेल तर त्याने निराश होऊ नये. १९९५ सालच्या पत्रात अशा उमेदवारांना मनाई होती, २००३ साली ती सैल झाली. तरी फार विचारपूर्वक पाऊल टाकावे असेच तिथे म्हटले आहे, आणि ते मुलाला आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे.

पुन्हा घराकडे येऊ. मुलाला 'बिचारा' म्हणू नका, त्याच्या देखतही नाही आणि पाठीमागेही नाही. आजार सगळ्या वाड्याला सांगू नका. कोणाला सांगायचे ते त्याने ठरवावे. वर्गशिक्षिकेला मात्र माहीत असावे, आणि एखाद्या जवळच्या मित्राला. एक मित्र जाणता असला की तो 'त्याला पाव चालत नाही, भात आणा' असे इतक्या सहज म्हणून जातो की बाकीचे पुढे विचारत नाहीत. मुलाला एक छोटे वाक्य तयार करून द्यावे: 'मला गहू चालत नाही, पोटाचा आजार आहे, भात चालतो.' एवढेच. आतड्याची लव वगैरे सांगायची त्याच्यावर सक्ती नाही. आणि त्याला रांधायला शिकवा, मुलगा असला तरी. जो आपली भाकरी स्वतः थापतो तो पुढे पुण्याला किंवा मुंबईला शिकायला गेला तरी अडत नाही.

चोरून खाणे होणार. कोणाला पाव खाल्ल्यावर तासाभरात पोट दुखते, कोणाला काहीच होत नाही, आणि ज्याला काही होत नाही त्याला वाटते डॉक्टर उगाच घाबरवतात. त्याला चोरासारखे धरून उलटतपासणी घेऊ नका. आतड्याला झालेली इजा जाणवत नाही, पण पुढच्या रक्ततपासणीत उमटू शकते. तो कागद त्याच्या हातात द्या, आकडे डॉक्टरांना त्याच्याशी बोलू देत, तुम्ही बाहेर बसा. चौदा वर्षांच्या मुलाला आपले शरीर आपल्या ताब्यात आहे असे वाटले की तो जपतो. आईच्या ताब्यात आहे असे वाटले की तो ते तिच्याविरुद्ध वापरतो.

ह्या आजाराच्या लोकांत उदासी आणि धास्ती इतरांपेक्षा जास्त आढळते. म्हणून मुलगा महिनाभर मित्रांत जात नसेल, झोप उडाली असेल, जेवणच नको म्हणत असेल, किंवा जगून काय उपयोग असे एकदा जरी बोलला असेल, तर ते वयाचे खूळ समजू नका. बांबोळीला मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा चालते, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. मुलगा स्वतःही फोन करू शकतो, तुम्हाला न सांगता. त्याला तो क्रमांक देऊन ठेवा.

शेवटी भावंडांविषयी. आजार रक्ताच्या नात्यात असतो. अशा मुलांच्या शंभर सख्ख्या भावंडांत आठ-नऊ जणांना तो निघतो, पुष्कळदा कसलेही लक्षण नसताना. तेव्हा एकाचे निदान झाले की बाकीच्यांची, आणि आईबापांचीही, रक्ततपासणी करून घ्या, आणि तोवर त्यांचा पोदेर चालू राहू द्या.